सिरियमची चमक घटली, पण ऊर्जा टर्बियमलाच मिळाली कशावरून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लँथॅनम फॉस्फेटच्या पावडरीत सिरियम आणि टर्बियम ही चमकणारी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं मिसळली; सिरियम ५ टक्क्यांवर कायम ठेवून टर्बियम १ पासून १५ टक्क्यांपर्यंत वाढवत नेलं. २७५ नॅनोमीटरने उत्तेजित केल्यावर सिरियमचा अतिनील पट्टा खाली येतो आणि टर्बियमची हिरवी रेषा वर जाते. सिरियमचं एमिशन (बाहेर पडणारा प्रकाश) आणि टर्बियमचं एक्सायटेशन (ज्या प्रकाशाने तो उत्तेजित होतो तो) एकमेकांवर पडतात हेही दाखवलं. सिरियमच्या घटलेल्या तीव्रतेवरून ऊर्जा देण्याची कार्यक्षमता काढली, आलेखावरून घातांक ८ आला (अंतर वाढलं की ऊर्जा देण्याचा वेग किती झपाट्याने उतरतो त्याचा आकडा), म्हणून देवाणघेवाणीचा प्रकार 'डायपोल-क्वाड्रुपोल' लिहिला. तरी पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरचा शेरा आला की एनर्जी ट्रान्सफर (सिरियमकडून टर्बियमला ऊर्जा जाणं) सिद्ध झालेलं नाही. शिवाय पांढरा प्रकाश मिळावा म्हणून त्यात लाल चमकणारं युरोपियम २ टक्के घातलं, तर सगळंच मंदावलं. चुकलं कुठे?

आधी रिव्ह्यूअरबद्दल. त्याचं म्हणणं मला पटतं. तुमच्या पावडरीत ट्रान्सफर होतच नाही असं मी म्हणत नाही, होत असणारच. सिरियम-टर्बियम ही या विषयातली सगळ्यात भरवशाची जोडी आहे. तीन पट्ट्यांच्या ट्यूबलाइटमधला हिरवा रंग अनेक वर्षं याच जोडीने दिला आणि त्यासाठी वापरलेल्या होस्टपैकी (ज्यात हे आयन बसवतात त्या मूळ पदार्थांपैकी) एक तुमचाच लँथॅनम फॉस्फेट. म्हणजे केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत जे मोनाझाइट सापडतं, त्याचीच रचना. पण 'होत असणार' हे तुमच्या आधीच्या लोकांनी दाखवलं. तुमच्या नमुन्यांत ते किती होतं, हे तुमच्या आलेखांतून अजून दिसत नाही. दोन स्पेक्ट्रम एकमेकांवर पडणं म्हणजे पत्रिका जुळणं. लग्न लागलं की नाही, ते वेगळं बघावं लागतं.

सिरियमची तीव्रता कमी होण्याची निदान तीन कारणं असू शकतात आणि साध्या पीएल (फोटोल्युमिनेसन्स, म्हणजे प्रकाश टाकून मिळालेल्या चमकेच्या) स्पेक्ट्रममध्ये तिन्ही जवळपास सारखीच दिसतात.

पहिलं कारण तुम्हाला हवं आहे तेच. उत्तेजित सिरियम प्रकाश बाहेर न टाकताच ऊर्जा थेट शेजारच्या टर्बियमला देतो. सारंगीवर एक तार छेडली की न छेडलेली तरफ झंकारते, तसं. दुसऱ्यात सिरियम रीतसर फोटॉन बाहेर टाकतो आणि तो वाटेत कुठला तरी टर्बियम गिळतो. हेही ऊर्जेचं हस्तांतरणच, पण त्याला ना जवळीक लागते ना डायपोल. थेट ट्रान्सफरचं जे फॉर्स्टर-डेक्स्टरचं गणित आहे ते त्याला लागूच पडत नाही. तिसरं कारण सगळ्यात वाईट आणि आपल्याकडच्या प्रयोगशाळांत सगळ्यात नेहमीचं: चमकणारा सिरियमच कमी झाला.

या तिसऱ्यावर जरा थांबते, कारण त्याचं मूळ फर्नेसमध्ये असतं आणि पेपरात ते कुणी लिहीत नाही. टर्बियम आपण बहुधा ऑक्साइडच्या रूपात घेतो. ती पावडर गडद तपकिरी असते, कारण तिच्यातला निम्मा टर्बियम ४+ अवस्थेत (चार इलेक्ट्रॉन गमावलेला, न चमकणारा) असतो. तो पूर्णपणे चमकणाऱ्या ३+ मध्ये आणायचा तर क्षपणकारी, म्हणजे ऑक्सिजन काढून घेणारं, वातावरण लागतं. हायड्रोजन मिसळलेला नायट्रोजन असेल तर उत्तमच, नाहीतर आपली जुनी युक्ती: मोठ्या क्रुसिबलमध्ये कोळशाची भुकटी, त्यात नमुन्याचं छोटं क्रुसिबल आणि वर झाकण. फॉस्फेट होस्ट सिरियमला ३+ मध्ये बऱ्यापैकी सांभाळून घेतं हे खरं, पण पूर्ण भरवसा ठेवू नका. थोडासा टर्बियम ४+ किंवा सिरियम ४+ उरला तरी तो अतिनील प्रकाश अधाशासारखा शोषतो आणि परत काहीच देत नाही. आता तुमच्या मालिकेकडे बघा. टर्बियम वाढवत गेलात तसा हा मळही त्याच प्रमाणात वाढला असणार. म्हणजे सिरियमची तीव्रता जशी ट्रान्सफरमुळे उतरली असती, तशीच मळामुळेही उतरेल. आलेख डोळ्यांना तितकाच सुबक दिसेल. म्हणून सगळे नमुने दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवा. शेवटच्या दोन-तीन पावडरी पिवळसर किंवा मातकट दिसल्या, तर पुढचं काहीही मोजू नका. आधी त्या पुन्हा भाजा.

रंग स्वच्छ असेल तर पुढचा हिशेब फोटॉनचा. सिरियमने जेवढे फोटॉन गमावले, साधारण तेवढेच टर्बियमने कमावले का? त्यासाठी शिखराची उंची चालत नाही. यंत्राची कमी-जास्त संवेदनशीलता धरून दुरुस्त केलेल्या स्पेक्ट्रमखालचं क्षेत्रफळ घ्यावं लागतं आणि तेही ऊर्जेच्या नव्हे, फोटॉनच्या मापात. सिरियम ६० टक्क्यांनी घसरला आणि टर्बियमचे फोटॉन त्याच्या पावपटच वाढले, तर उरलेली ऊर्जा कुठे मुरली याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

हे करताना ग्रेटिंगच्या (यंत्रातल्या रंग वेगळे करणाऱ्या रेघांच्या पट्टीच्या) दुसऱ्या क्रमाकडे, म्हणजे दुप्पट तरंगलांबीला उमटणाऱ्या खोट्या प्रतिमेकडे, लक्ष ठेवा. २७५ नॅनोमीटरच्या उत्तेजनाचा दुसरा क्रम ५५० ला येतो, म्हणजे टर्बियमच्या ५४५ च्या रेषेला अगदी खेटून. लँथॅनम फॉस्फेटमध्ये सिरियमची दोन शिखरं ३१७ आणि ३३८ च्या आसपास असतात. त्यांची भुतं ६३४ आणि ६७६ ला उमटतात. माझ्या पहिल्या पेपरच्या मसुद्यात ६३४ ला एक देखणा रुंद पट्टा होता आणि त्यावर मी दीड पान स्पष्टीकरण लिहिलं होतं. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने काही न बोलता डिटेक्टरसमोर अतिनील अडवणारी काच सरकवली. पट्टा गेला, आणि त्याबरोबर दीड पानही.

आता पहिलं आणि दुसरं कारण वेगळं कसं करायचं? न्यायनिवाडा होतो तो सिरियमच्या डिके वक्रावर, म्हणजे उत्तेजन थांबल्यावर त्याची चमक किती वेगाने विझते त्या आलेखावर. ऊर्जा थेट गेली असेल तर सिरियम उत्तेजित अवस्थेत कमी वेळ टिकतो, कारण त्याला रिकामं व्हायला आणखी एक वाट मिळालेली असते. फोटॉन बाहेर पडल्यावर कुणी गिळला असेल, तर सिरियमचं आयुष्य घटत नाही. तो आपल्या वेळेलाच विझला आणि पुढचं त्याला ठाऊकच नाही. म्हणून तीव्रता निम्मी झाली पण लाइफटाइम जिथल्या तिथे असेल, तर घातांक, क्रांतिक अंतर (ज्या अंतरावर ट्रान्सफर आणि सिरियमची स्वतःची चमक बरोबरीत येतात ते) वगैरे सगळं गुंडाळून ठेवावं.

अडचण अशी की सिरियमच्या इलेक्ट्रॉनची ५डी पातळीवरून ४एफ पातळीवरची उडी मुक्त, म्हणजे निवडनियमांना मान्य असलेली. ती २०-३० नॅनोसेकंदांत उरकते. टर्बियमच्या हिरवा प्रकाश देणाऱ्या फाइव्ह-डी-फोर पातळीला मात्र रिकामं व्हायला दोन-तीन मिलीसेकंद लागतात. म्हणजे एक जवळजवळ लाखपट घाईत, दुसरा निवांत. झेनॉनच्या फ्लॅश दिव्याचा पल्सच मायक्रोसेकंदांचा असतो, त्याने सिरियमचा डिके मोजता येत नाही. तुमच्या विभागात तोच दिवा असावा असा माझा अंदाज, कारण तुम्ही फक्त टर्बियमचे डिके दिले आहेत. ते छान आहेत, पण इथे उपयोगाचे नाहीत. देणाऱ्याच्या खिशातून किती गेलं हे घेणाऱ्याच्या खिशावरून ठरत नाही. नॅनोसेकंदाची एलईडी आणि एकेक फोटॉन मोजणारी यंत्रणा जिथे आहे अशा मोठ्या संस्थेच्या उपकरण केंद्रात तीन नमुने पाठवा: नुसता सिरियम, मधला एक आणि शेवटचा. तिन्हींत निकाल लागतो.

तोवर घरच्या घरी करता येईल अशी एक परीक्षा आहे आणि ती लोक का करत नाहीत हे मला कोडंच आहे. नुसत्या सिरियमची पावडर आणि नुसत्या टर्बियमची पावडर वेगवेगळ्या भाजा, मग खलात हलक्या हाताने एकत्र करा. भाजू नका, फक्त मिसळा. दाणे मायक्रॉनचे आहेत, म्हणजे सिरियम आणि टर्बियममधलं अंतर थेट ट्रान्सफरला लागतं त्याच्या शेकडो-हजारो पट. या मिश्रणात टर्बियमची ५४५ ची रेषा घेऊन एक्सायटेशन स्पेक्ट्रम काढा. सिरियमचे पट्टे दिसले तर तेवढा भाग फोटॉन गिळण्याचा. एकाच दाण्यात दोन्ही असलेल्या नमुन्यात ते पट्टे कितीतरी पटीने बळकट असतील, तर थेट ट्रान्सफरच्या बाजूने तुमच्या हातात चांगला पुरावा आला. अर्धा दिवस लागतो, खर्च शून्य.

डिके हातात आला की पुढचा खड्डा येतो. वक्र सरळ एका घातांकी रेषेत बसणार नाही, आणि तसा तो बसूही नये. प्रत्येक सिरियमच्या शेजारी टर्बियम वेगवेगळ्या अंतरावर असतो. कुणाला लगेच गिऱ्हाईक मिळतं, कुणाला मिळतच नाही. त्यामुळे लोक दोन घातांक बसवतात आणि सरासरी काढतात. इथे सरासरी दोन प्रकारची असते. समजा ७० टक्के भाग ५ नॅनोसेकंदांचा आणि ३० टक्के २० नॅनोसेकंदांचा आला. वाट्यानुसार भारित सरासरी ९.५ नॅनोसेकंद येते. दुसरं सूत्र, ज्यात वर आयुष्याचा वर्ग असतो आणि जे बहुतेक पेपरांत छापलेलं असतं, ते १४.५ देतं. नुसत्या सिरियमचं आयुष्य २२ धरलं, तर पहिल्याने कार्यक्षमता ५७ टक्के आणि दुसऱ्याने ३४ टक्के. वक्र एकच! ट्रान्सफरच्या कार्यक्षमतेसाठी पहिलीच सरासरी बरोबर, कारण तीच सुरुवातीला १ धरलेल्या वक्राखालच्या क्षेत्रफळाइतकी असते. वर्गाचं सूत्र दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आणखी एक गोष्ट. अगदी लगतच्या जोड्यांत ट्रान्सफर इतकं झटपट होतं की यंत्राला ते दिसतच नाही. त्यामुळे तीव्रतेवरून काढलेली कार्यक्षमता लाइफटाइमवरच्या आकड्यापेक्षा थोडी जास्त येणं नैसर्गिक आहे. थोडी. ७८ आणि ४० असा फरक निघाला, तर वर सांगितलेलं दुसरं किंवा तिसरं कारण पुन्हा तपासा.

आता घातांक ८. तुम्ही तीन आलेख काढले आहेत: ६, ८ आणि १०. सरळ रेषेशी जुळणीचे आकडे ०.९८१, ०.९९२ आणि ०.९८८. त्यातला मोठा ८ चा, म्हणून डायपोल-क्वाड्रुपोल. खरं सांगू? सहा बिंदूंवर, पावडर दाबून भरण्यातच जिथे ५-१० टक्क्यांचा फरक पडतो तिथे, हे तिन्ही आकडे एकच आहेत. डेक्स्टरने १९५३ मध्ये घन पदार्थांसाठी सिद्धांत मांडला, इनोकुटी आणि हिरायामा यांनी १९६५ मध्ये त्यावरून डिके वक्राचं सूत्र दिलं. पण त्या गणितात एक गृहीत आहे की देणाऱ्या आयनांमध्ये आपापसात ऊर्जा फिरत नाही. तुमच्याच पदार्थाबद्दल, म्हणजे सिरियम-टर्बियमच्या लँथॅनम फॉस्फेटबद्दल, बुर्से आणि फाँग यांनी १९७४ मध्ये जे लिहिलं ते नेमकं उलट होतं: इथे ऊर्जा सिरियमवरून सिरियमवर फिरते आणि मग टर्बियमला सापडते. ५ टक्के सिरियमवर ही फिरस्ती कमी असेल, पण शून्य नसेल. ऊर्जा फिरू लागली की ६, ८, १० मधला भेद पुसट होत जातो. माझ्या मते हा परिच्छेद पेपरातून काढून टाकावा. ठेवायचाच असेल तर डिके वक्रावरून काढा आणि 'सुसंगत आहे' इतकंच म्हणा.

क्रांतिक अंतरातही एक चूक आहे. ब्लासेच्या सूत्रात जी सांद्रता घालायची ती सिरियम आणि टर्बियम दोन्हींची मिळून, आणि तीही सिरियमची तीव्रता निम्मी होते तिथली. तुमच्याकडे ती ६ टक्के टर्बियमवर निम्मी होते, म्हणजे आकडा ०.११. एकक पेटीचं (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहानशा खणाचं) घनफळ ३०६ घन अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) आणि तीत लँथॅनमच्या ४ जागा धरल्या की उत्तर साधारण ११ अँगस्ट्रॉम येतं. तुम्ही नुसते ०.०६ घालून १३.४ मिळवलेत. त्यापुढचं वाक्य, 'अंतर ५ पेक्षा जास्त, म्हणून एक्स्चेंज (इलेक्ट्रॉनांचे ढग एकमेकांत शिरून होणारी देवाणघेवाण) शक्य नाही', हे तर सगळेच लिहितात. पण ११ ही सरासरी आहे. या स्फटिकात सगळ्यात जवळच्या दोन लँथॅनम जागांमध्ये अंतर असतं ४ अँगस्ट्रॉमहून थोडंसं जास्त, आणि बरंचसं ट्रान्सफर तिथेच होतं. गावातल्या घरांचं सरासरी अंतर सांगून शेजाऱ्यांच्या भिंती एकमेकींना लागून नाहीत असं म्हणता येत नाही.

ऊर्जेची फिरस्ती मी त्रास म्हणून सांगितली, पण ट्यूबलाइट बनवणाऱ्यांनी तिचंच सोनं केलं. स्लॅब टाकताना घमेली हातोहात वर जातात ती रांग आठवा. गॅडोलिनियम मॅग्नेशियम बोरेटमध्ये गॅडोलिनियमचे आयन अशीच रांग लावून उभे असतात. सिरियम खाली घमेलं भरतो, ते गॅडोलिनियमच्या हातांतून सरकत जातं आणि वर टर्बियम रिकामं करतो. गॅडोलिनियमची सगळ्यात खालची उत्तेजित पातळी ३१२ नॅनोमीटरच्या आसपास आहे, त्याखाली थेट जमीन. म्हणून घमेलं वाटेत सांडत नाही. याउलट सिरियम मॅग्नेशियम अल्युमिनेटमध्ये सिरियम एकमेकांना काही देत नाहीत. तिथे प्रत्येक सिरियमला स्वतःच्या शेजारी टर्बियम हवा, म्हणून त्या पावडरीत टर्बियम तब्बल ३३ टक्के घालावं लागलं. टर्बियमचा भाव पाहता कारखान्यांना हा फरक किती टोचला असेल ते सांगायला नको.

आणि युरोपियम. तिथे चूक तुमच्या हाताची नाही, जोडीची आहे. सिरियम ३+ ला एक इलेक्ट्रॉन सोडून ४+ व्हायला आवडतं. युरोपियम ३+ ला एक घेऊन २+ व्हायला आवडतं. दोघं शेजारी आले आणि सिरियम उत्तेजित झाला, की इलेक्ट्रॉन क्षणभर युरोपियमकडे उडी मारतो आणि परत येतो. या ये-जा करण्यात सगळी ऊर्जा उष्णतेत जाते. पत्रिका इथेही जुळतेच, स्पेक्ट्रम एकमेकांवर पडतात, पण दोघं मिळून घर जाळतात. तुमच्या मिश्रणात युरोपियमने सिरियमची ऊर्जा मारली, सिरियमच मेला म्हणून टर्बियमही उपाशी राहिला, आणि तेवढ्यात टर्बियमकडचं थोडंफार उरलंसुरलं युरोपियमने घेतलं. टर्बियमकडून युरोपियमकडे ट्रान्सफर चांगलं होतं, त्यात वाद नाही.

यावरचा उपाय टर्बियमचा पूल. टर्बियम इतकं भरायचं की ऊर्जा टर्बियमवरून टर्बियमवर चालत लांबच्या युरोपियमपर्यंत पोचेल, आणि युरोपियम इतकं कमी ठेवायचं की सिरियमच्या लगत तो क्वचितच यावा. समजा एका सिरियमच्या लगत ६ जागा आहेत. युरोपियम ५ टक्के असेल तर चारातल्या एका सिरियमच्या शेजारी तो बसलेलाच असतो. १ टक्का असेल तर शंभरातल्या सहांच्या. तुमच्या २ टक्क्यांवर हे प्रमाण अकराच्या पुढे जातं, आणि सिरियममधली फिरस्ती धरली तर याहून बरेच सिरियम या कचाट्यात सापडतात. म्हणून सिरियम २-३ टक्के, युरोपियम अर्धा टक्का आणि लँथॅनम बरंचसं काढून त्या जागी टर्बियम ४०-५० टक्के, असा एक नमुना करून बघा. महाग पडेल, पण दोन ग्रॅमच करायचा आहे. मात्र पांढरा रंग त्यातून निघेलच असं नाही. टर्बियम इतकं वाढलं की त्याची ३८० ते ४४० मधली निळी रेषांची मालिका उरत नाही: शेजारचे दोन टर्बियम आपसात देवाणघेवाण करून वरच्या फाइव्ह-डी-थ्री पातळीला खाली फाइव्ह-डी-फोरवर उतरवतात. हिरवा आणि लाल हाती लागेल, निळ्यासाठी दुसरी पावडर मिसळावी लागेल.

शेवटी शीर्षकातल्या 'व्हाइट एलईडीसाठी' या शब्दांबद्दल, रिव्ह्यूअरने ते सोडून दिलं म्हणून मीच सांगते. तुमचं उत्तेजन २७५ नॅनोमीटरला आहे. पांढऱ्या एलईडीतली चिप ४५० च्या आसपासची निळी किंवा फार तर ३६५ ते ४०० मधली असते. तिथे या होस्टमधला सिरियम जवळजवळ काहीच शोषत नाही. २५४ च्या पाऱ्याच्या दिव्यासाठी ही पावडर जन्मली, आणि त्या दिव्यांना तर पाऱ्यावरच्या मिनामाता कराराच्या २०२३ च्या बैठकीत २०२७ पर्यंतचीच मुदत मिळाली. शीर्षक बदला, 'सिरियम-टर्बियम-युरोपियममधील ऊर्जेच्या वाटा' असं काहीतरी ठेवा. मग मिश्रणाची परीक्षा, तीन डिके आणि टर्बियमच्या पुलाचा नमुना एवढं जोडून पाठवा. ६, ८, १० च्या आलेखांची जागा त्यालाच लागेल.